ऐंशी किलोच्या वर आत बसू नये

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटे. माझ्या आत्याच्या रक्तातली साखर सेहेचाळीस होती.

सत्तरच्या खाली गेलेली साखर धोक्याची. आणखी घसरली की माणूस आधी भलतंसलतं बोलतो आणि मग बोलायचा थांबतो. आत्या बोलायची थांबली होती. बसस्टँडसमोरच्या बंद कृषी केंद्राच्या ओट्यावर ती भिंतीला टेकून बसली होती, पदर घामाने मानेला चिकटला होता, आणि तिथे सावली होती, इतका घाम येण्याचं दुसरं कारण नव्हतं. रस्त्यापलीकडे हॉटेल होतं. कढईतून आलुबोंडे निघत होते. काउंटरवरची साखरेची बरणी मला ओट्यावरून स्पष्ट दिसत होती. अन्नाने भरलेल्या जागेसमोर एक बाई अन्नावाचून बेशुद्ध व्हायला आली होती, आणि ती तिथे पोचली होती गावाने रीतसर केलेल्या एका ठरावामुळे.

ठरावाची भाषा मला पाठ आहे. ‘ऐंशी किलोपेक्षा अधिक वजन असलेल्या व्यक्तींना गावातील हॉटेलांत बसवून खाद्यपदार्थ देऊ नयेत.’ रिसोड-मालेगाव परिसरातल्या आमच्या गावात हॉटेलं दोनच, पैकी एक फक्त चहाचं. म्हणजे हा कायदा एका हॉटेलसाठी आणि त्यातल्या सहा बाकड्यांसाठी होता.

तो मंजूर झाला प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत. आधी शाळेतल्या मुलीने संविधानाची उद्देशिका वाचली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि चहा यायच्या आत हा विषय मांडला गेला. निरोगी गावांच्या कुठल्याशा स्पर्धेत लठ्ठपणा नियंत्रणाला गुण होते, आणि पाहणीला येणाऱ्या पाहुण्यांना काहीतरी ठोस दाखवायचं होतं. आमच्या सरपंच बाई आहेत. सभेत बोलतात त्यांचे यजमान, आणि गाव त्यांनाच सरपंचभाऊ म्हणतं. सरपंचभाऊंनी ठराव वाचला. मी उठून उभी राहिले.

मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे, वाशिमला एका तपासणी प्रयोगशाळेत काम करते आणि पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करते. प्रश्न विचारायचा तर नेमका विचारावा, ही माझी सवय आहे. मी विचारलं, ‘‘नुसत्या वजनाला अर्थ नसतो. उंची कुठे आहे यात?’’

‘‘उंची मोजाले टेप कोन आननार, बाई?’’ सरपंचभाऊ म्हणाले. ‘‘वजनाले काटा हाये आपल्याजवळ.’’

‘‘आणि कोणी कुठे बसून काय खावं, हे ठरवायचा अधिकार ग्रामसभेला कोणत्या कलमाने मिळाला?’’

‘‘तू शिकली, आमाले आनंद हाये. पन गावाच्या भल्यात खोडा नोको घालू.’’

मागून कोणीतरी ओरडलं, ‘‘अरे, तिची आत्या हाये ना जाडी! म्हून कळवळा येऊन राह्यला!’’ मांडव हसला. हात वर झाले. ठराव मंजूर झाला.

लठ्ठपणाने काय होतं ते मला सरपंचभाऊंपेक्षा बरं ठाऊक आहे; त्याचे परिणाम मी रोज नळ्यांमध्ये भरून यंत्रात ठेवते. म्हणूनच मला तो ठराव मूर्खपणाचा वाटला, आणि मूर्खपणा अधिकृत शिक्क्यासह आला की मला राग येतो. वजन वाढतं त्याला थायरॉईड कारण असतो, गुडघे जाऊन थांबलेलं चालणं कारण असतं, काही औषधं कारण असतात. आत्या ज्या इन्सुलिनवर जगते ते इन्सुलिनही वजन वाढवतं. सुई घेतली तर वजन वाढणार, नाही घेतली तर ती मरणार. या बाईला हॉटेलातल्या बाकड्यावरून उठवून तिची कोणती पेशी सुधारणार होती? तिचं आणि त्या बाकड्याचं नातं तर औषधाचंच होतं. सकाळी इन्सुलिन घेतल्यावर अकराच्या सुमाराला काहीतरी पोटात जायलाच हवं, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. 

आत्याचं सासर शिरपूर जैनच्या अलीकडे आहे. बांधावरची मेथी आणि सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, घेऊन ती दर मंगळवारी जीपने माहेरच्या बाजाराला येते. अकरा वाजले की शेजारणीला जुड्या सांभाळायला सांगते, हॉटेलात जाते, दुसऱ्या बाकड्यावर भिंतीकडच्या टोकाला बसते आणि पोहे-तर्री खाऊन बिनसाखरेचा चहा घेते. मी लहान होते तेव्हापासून ते बाकडं तिचं आहे.

ठरावाचं मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती खळखळून हसली. ‘‘हाव, हावो मी जाडी. त्यायच्या घरचं खाऊन नाई झाली. आन मले कोन काय म्हनते वं? माह्या माहेरचं हाटेल हाये थे.’’

अकरा तारखेला मी रजा घेऊन गावी आले होते. तिची इन्सुलिनची बाटली आणि तपासणीच्या पट्ट्या मी दर महिन्याला वाशिमहून आणते. आम्ही दोघी हॉटेलाकडे निघालो. दाराच्या डाव्या अंगाला भिंतीलगत एक बुटका दगडी ओटा आहे. त्याच्या शेजारी काटा मांडला होता. आडत दुकानातून आणलेला, पोती मोजायचा, लोखंडी पत्र्याचा. ग्रामपंचायतीचा शिपाई खुर्ची टाकून बसला होता.

आमच्या पुढे एक आडत्या होता. त्याचं पोट आधी आणि तो नंतर दारातून आत गेला. शिपाई अर्धवट उठून म्हणाला, ‘‘या शेठ.’’

‘‘यांना नाही मोजलं?’’ मी विचारलं.

‘‘त्यायले कायले मोजाचं? थे रोजचेच हायेत.’’ मग आत्याकडे वळून, ‘‘चढा बाई. सगळ्यायलेच हाये.’’

आत्या चढली. तिला वाटलं, माहेरची थट्टा आहे, चढावं आणि उतरावं. सोयाबीन मोजताना रिकाम्या पोत्याचं वजन वजा करतात. त्या पोत्याला बारदाना म्हणतात. शिपायाने आकडा पाहिला, आजूबाजूला पाहिलं आणि लिलावाच्या सुरात विचारलं, ‘‘बाई, बारदाना किती धरू तुमचा? लुगड्याचा एक किलो धरतो, चालन काय?’’

बाकड्यांवरचे लोक हसले. आत गेलेला आडत्याही हसला, तोंडात घास असताना.

‘‘एक्क्याण्णव चारशे!’’ शिपाई ओरडला. ‘‘बारदाना जाऊन नव्वद चारशे! बाई, आत नाई जमत आता.’’

मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आत्या शांतपणे काट्यावरून उतरली आणि पदर सारखा केला. तेवढ्यात हॉटेलमालक स्वतः बाहेर आला. पन्नाशी ओलांडलेला, मऊ आवाजाचा माणूस. हातात पोह्यांची प्लेट होती, वर तर्री, वर शेव.

‘‘बाई, रागावू नोको. ठराव आत बसाचा हाये. बाहेर खायाले कोन नाई म्हनते? मी काय तुले उपाशी ठेवीन? हे घे. पैसे बी नोको देऊ.’’ आणि त्याने प्लेट त्या दगडी ओट्यावर ठेवली.

आत्याने प्लेटकडे पाहिलं. मग ओट्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिली. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. रागाचा नव्हता, अपमानाचाही नव्हता. पाटी पुसावी तसा तो पुसला गेला होता.

‘‘मले भूक नाई,’’ ती म्हणाली.

मी तिला हाताला धरून बाजूला नेलं. आत्या, सकाळी सुई घेतली आहेस, खायलाच हवं, असं सांगितलं. ‘‘खातो वं. शेजारनीजवळ भाकर हाये. तू जाय, तुले भांडाचं हाये ना, भांडून ये.’’ मला खरंच भांडायचं होतं. मी ग्रामपंचायतीत गेले. कार्यालयाला कुलूप होतं. सरपंचभाऊंच्या घरी गेले. ते रिसोडला गेले होते. परत आले तर जुड्यांजवळ शेजारीण एकटी होती. भाकरीचं विचारलं तर म्हणाली, ‘‘माह्याजवळ कुठची भाकर? बाई त तिकडं कृषी केंद्राच्या वट्यावर बसली.’’

तिथून सुरुवातीच्या आकड्यापर्यंत आपण आलोच आहोत.

मी रस्ता ओलांडला, हॉटेलात शिरले, बरणी उचलली, तांब्या उचलला. मालक ‘‘घे, घे’’ म्हणत राहिला. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून मी आत्याच्या ओठांना लावली आणि मोठ्याने म्हटलं, गीळ. तिने गिळलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं तेव्हा साखर एकाहत्तर होती आणि तिने माझं नाव बरोबर घेतलं.

भोवती माणसं जमली होती. मालक प्लेट घेऊन आला होता. तीच प्लेट, तर्री आता गार. ‘‘आता तरी खा, बाई.’’

‘‘बाहेर नाई खात मी,’’ आत्या म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

‘‘काहून पन?’’

ती त्याच्याशी बोलली नाही, माझ्याशी बोलली. ‘‘हाटेलाच्या त्या वट्यावर माह्या बाचा कप राहे. कान तुटका. ह्याचा बाप वरतून चहा वते, बा बाहेर उभा राहून पेये, आन कप इसळून पुन्हा तिथंच पालथा ठेवे. मी सात वर्साची होतो, बाचं बोट धरून उभी राहो. मले एक दिवस म्हनले बा, पोरी, तू मोठी झाली त आत बसून खाजो.’’

माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली त्याला तेव्हा दशक उलटून गेलं होतं. धर्म बदलला होता, कप बदलला नव्हता. मी या घरात वाढले, आजोबांच्या शिक्षणाच्या, शेतीच्या, स्वाभिमानाच्या गोष्टी ऐकत वाढले, आणि त्या ओट्याची गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. दुसऱ्या बाकड्याचं भिंतीकडचं टोक आत्याला का लागतं, तेही मी कधी विचारलं नव्हतं. त्या टोकावर बसलं की पाठ ज्या भिंतीला टेकते, त्याच भिंतीच्या पलीकडच्या बाजूला तो ओटा आहे.

मालकाचा चेहरा उतरला. ‘‘मले काय मालूम, बाई? मी तवा पाळन्यात होतो. माह्या मनात तसं काहीच नवतं.’’

माझा त्याच्यावर विश्वास आहे. त्याच्या मनात खरोखर काही नव्हतं, आणि माझा संताप तिथूनच सुरू होतो. ज्या ओट्यापाशी एका माणसाने वर्षानुवर्षं उभ्याने चहा प्यायला, त्याची आठवण ठेवायचं काम त्या माणसाच्या मुलीकडे राहिलं आणि विसरायची मोकळीक मालकाच्या मुलाला मिळाली. आता तो भल्या मनाने तिथेच प्लेट ठेवू शकत होता, फुकट, वर शेव घालून.

संध्याकाळी सरपंचभाऊ रिसोडहून परतले. मी त्यांच्या अंगणात उभी होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘बाहेर खाल्लं असतं त काहीच झालं नसतं. हट्ट केला बाईनं. आपन त भल्यासाठीच केलं ना? आन तुले सांगतो, या स्पर्धेचा अहवाल कोनी शिकलेल्या मानसानं लिवला पाह्यजे. तूच लिव. तुह्या पुढच्या शिक्षनाले बी कामी येईन.’’

‘‘लिहिते,’’ मी म्हणाले. ‘‘पहिल्या पानावर सेहेचाळीस लिहिते.’’

‘‘म्हंजे?’’

‘‘म्हणजे तुमच्या नियंत्रणाचा पहिला निकाल.’’

त्यांनी मला उद्धट म्हटलं. माझ्या वडिलांना निरोप पाठवला की पोरगी हाताबाहेर चालली. पंचायत समितीकडे मी लेखी तक्रार दिली. तिथल्या बाबूने ती वाचली, हसू दाबलं आणि ‘‘वजनाचा ठराव? बरं, पाहू,’’ म्हणून ठेवून घेतली. ती अजून पाहिली जात आहे.

पुढच्या मंगळवारी आत्या येईल असं मला वाटलं नव्हतं. ‘‘नको जाऊस,’’ मी फोनवर म्हणाले. ‘‘निदान घरून डबा घेऊन जा.’’

‘‘डबा मी खाईन. पन हाटेलात बसून पोहे खाईन, मंग घरी जाऊन डबा खाईन. तू येते काय नाई येत, सांग.’’

मी गेले, आणि माझ्या अटीवर गेले. तिच्या कमरेच्या पिशवीत ग्लुकोजची पुडी असेल, साखर मोजायचं यंत्र माझ्या हातात असेल, आणि आकडा ऐंशीच्या खाली आला तर वाद न घालता ती पुडी तोंडात टाकेल. तिने कबूल केलं. सकाळी सुई नेहमीची, भाकर नेहमीची. अकराला आम्ही काट्यापाशी पोचलो.

‘‘चढा बाई,’’ शिपाई म्हणाला, पण या वेळी हळू.

‘‘काट्यावर सोयाबीन चढते,’’ आत्या म्हणाली. ‘‘सरक बाजूले.’’

तो सरकला की तिने त्याला सरकवलं, हे नक्की सांगता येणार नाही. ती आत गेली आणि दुसऱ्या बाकड्यावर भिंतीकडच्या टोकाला बसली. तिथे बसलेला एक गिऱ्हाईक आपली प्लेट घेऊन पलीकडे गेला. मी तिच्यासमोर बसले आणि यंत्र टेबलावर ठेवलं.

‘‘एक पोहे, तर्री जादा,’’ आत्याने सांगितलं.

मालक कढईपाशी उभा राहिला. हातातला झारा तसाच. ‘‘बाई, काहून माह्या जिवावर उठली? पंचायतीनं दंड लावला त?’’

‘‘दंड लावू दे.’’

मी तिचं बोट टोचलं. ‘‘एकशे दोन,’’ मी मोठ्याने म्हणाले. वर्गात उत्तर सांगावं तितक्या मोठ्याने. मालकाने चहाचे कप धुतले, धुतलेले पुन्हा धुतले. कोणीतरी म्हणालं, ‘‘दे ना बे एक प्लेट, कायले तमाशा.’’ दुसरा म्हणाला, ‘‘ठराव सगळ्यायनं केला, आता त्यालेच बोलता?’’ आत्या भिंतीला पाठ टेकून स्वस्थ बसली होती. तिच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब दिसले तसं मी पुन्हा बोट टोचलं.

‘‘अठ्ठ्याऐंशी.’’

‘‘वाढून राह्यलं का उतरून राह्यलं?’’ मालकाने विचारलं.

‘‘उतरतंय.’’

‘‘कितीवर मानूस पडते?’’

‘‘मागच्या मंगळवारी सेहेचाळीसवर पडली होती. तुमच्या समोर.’’

त्याने प्लेट भरली. ‘‘इथं मेली त माह्या गळ्यात येईन,’’ तो कोणाला तरी म्हणाला, आणि प्लेट आणून टेबलावर ठेवली. ओट्याची त्याला आठवण झाली असेल, लाज वाटली असेल, असं मला लिहिता आलं असतं. ते खरं नसेल. तो घाबरला होता. सात वर्षांच्या मुलीला दिलेला एका बापाचा शब्द आमच्या गावात पोलीस पंचनाम्याच्या भीतीने पाळला गेला.

आत्याने घाई केली नाही. लिंबू मागून घेतलं, तर्री पोह्यांवर सगळीकडे सारखी ओतली, शेवटचा शेंगदाणाही वेचून खाल्ला. मग बिनसाखरेचा चहा. मग पैसे, पूर्ण, मोजून काउंटरवर. मालक घेईना तेव्हा तिने ते बरणीखाली सरकवले.

आम्ही बाहेर आलो तेव्हा काटा तिथेच होता, शिपाई तिथेच होता. ओट्यापाशी दुसरी एक बाई उभी होती, मेडशीकडून बाजाराला येणारी, आत्याहून तरुण आणि आत्याहून जाड. ओट्यावर ठेवलेल्या प्लेटमधून ती उभ्याने आलुबोंडा खात होती, आमच्याकडे पाठ करून, भराभर. आत्या थांबली. ‘‘आत बस ना वं,’’ म्हणाली. बाईने मान हलवली, उरलेला घास तोंडात कोंबला आणि गर्दीत निघून गेली.

ठराव अजून आहे. पाहुणे येऊन गेले, काट्याजवळ उभे राहून त्यांनी फोटो काढले. आत्या दर मंगळवारी आत बसते आणि तिला कोणी मोजत नाही. शिपाई आता तिलाही ‘‘रोजच्याच हायेत’’ म्हणतो. ही माझी जीत आहे, असं गावातले काही लोक मला सांगतात. एका बाईला सूट मिळाली की बाकीच्यांना मोजायचा मार्ग आणखी सोपा होतो, हे कळायला जीवरसायनशास्त्र लागत नाही. मी तक्रारीची दुसरी प्रत जिल्ह्याला पाठवली आहे आणि तिच्यासोबत आत्याचे सगळे आकडे जोडले आहेत, वेळेसह.

त्यातला शेवटचा मी त्या दुसऱ्या मंगळवारीच दुपारी घेतला, पोह्यांनंतर दोन तासांनी, सांबाराच्या जुड्यांपाशी. खाऊन दोन तासांनी साखर एकशे ऐंशीच्या आत असली की ठीक. आत्या गिऱ्हाइकाशी भावावरून भांडत होती. माझ्याकडे न पाहताच तिने डाव्या हाताचं बोट पुढे केलं, मी टोचलं, आणि भांडण न थांबवता तिने मला विचारलं, ‘‘किती?’’

एकशे अठ्ठावन्न.